‘फक्त सही कर’

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नेरळजवळच्या एका गावातून एक भगिनी आमच्याकडे आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तीन कागद. पहिला सातबारा, दुसरी फेरफाराची झेरॉक्स आणि तिसरा टाइप केलेला पाच पानी मसुदा. मोठ्या भावाने शनिवारी घरी आणून दिला होता. ‘‘आपा, सोमवारी कर्जतला यायचं. रजिस्टर ऑफिसात फक्त सही करायची. रिक्षाचे पैसे मी देतो,’’ एवढेच त्याने सांगितले होते.

भगिनी सातवी शिकलेल्या. म्हणाल्या, ‘‘अक्षरं सगळी वाचता येतात, पण काय लिहिलंय ते कळत नाही.’’

हे त्यांचे एकटीचे दुखणे नाही. आमच्या ओळखीतले पदवीधरही सातबारा हातात आला की नाव शोधतात, क्षेत्र बघतात आणि कागद घडी करून ठेवतात. एरवी त्यात फारसे बिघडत नाही. पण कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आता ‘एरवी’ राहिलेले नाही. लोकल कर्जतला आणि खोपोलीला येते, द्रुतगती महामार्ग खालापुरातून जातो, पनवेल–कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचे काम सुरू झाल्यापासून तर आतल्या आतल्या गावांत मोटारी घेऊन लोक जमीन विचारत फिरतात. ज्या वरकस जमिनीत नाचणीशिवाय काही होत नव्हते, तिला गिऱ्हाईक आहे. पूर्वी अब्बांच्या शेतातला तांदूळ ईदेला बहिणीच्या घरी पोहोचला की तिचा हिस्सा पोहोचला असे सगळे मानत. जमीन शेतात होती, म्हणजे हिस्साही तिथेच होता. जमीन विकली की तो कुठे राहणार? म्हणून विक्रीच्या आधीच कागद वाचायला हवेत. आम्ही त्या भगिनींबरोबर बसून ते तीन कागद वाचले. तेच इथे सांगतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे, कोणत्या प्रकाराने, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा काय अधिकार. बारामध्ये पीकपाणी. ‘डिजिटल स्वाक्षरी’चा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो आणि तो कचेरीत चालतो, तेव्हा कोणी जुनी झेरॉक्स दाखवत असेल तर आधी ताजा उतारा काढावा. सोबत ‘आठ-अ’ काढावा, म्हणजे त्या गावात त्या खातेदाराच्या नावे एकूण किती गट आहेत ते कळते. भाऊ एका गटाबद्दल बोलत असतो आणि गट निघतात तीन, असे आम्ही एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे.

त्या भगिनींच्या उताऱ्यावर क्षेत्र होते ८० आर. आर आणि गुंठा जवळजवळ एकच, ४० गुंठ्यांचा एक एकर. म्हणजे दोन एकरांच्या आतबाहेर. नावे तीन होती, आई आणि दोन भाऊ. तीन बहिणींपैकी एकीचेही नाव नव्हते.

‘‘म्हणजे आमचा हक्क नाही?’’ त्यांनी विचारले.

इथेच सगळा घोटाळा होतो. सातबारा हा हक्क निर्माण करणारा कागद नाही. तो महसुलाचा, सारा कोणाकडून घ्यायचा याचा दप्तर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. हक्क येतो तो खरेदीखतातून, वारशातून, हिब्यातून, वाटपातून किंवा कोर्टाच्या हुकमातून. बापाच्या मृत्यूच्या क्षणी मुलीचा हिस्सा तिचा होतो. तलाठ्याने लिहिले नाही म्हणून तो गेला असे होत नाही. मात्र लिहिले नाही तर तो दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय जमीन विकायचा मोह सगळ्यांना होतो.

नाव का नव्हते ते दुसऱ्या कागदात सापडले. सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. जमिनीचा प्रत्येक बदल गाव नमुना सहामध्ये लिहिला जातो, तो फेरफार. सातबारा आज काय आहे ते सांगतो, फेरफार ते कसे झाले ते सांगतो, म्हणून आम्ही नेहमी म्हणतो की सातबाऱ्यापेक्षा फेरफार आधी वाचा. २०११ साली वालिद वारले, त्यानंतरच्या फेरफारात लिहिले होते: ‘मयताचे वारस पत्नी व दोन मुलगे, याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत.’ खाली मोठ्या भावाचा जबाब. तीन बहिणी त्या दिवशी मय्यतीच्या घरी स्वयंपाक करत असतील. कागदावर त्या नव्हत्याच.

वारस नोंदीची रीत खरे तर सोपी आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत मृत्यूचा दाखला, आठ-अ, रेशनकार्ड आणि सर्व वारसांची नावे लिहिलेले प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात. अर्ज ‘ई-हक्क’वरून घरूनही करता येतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. राज्य सरकारने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली ती याच कामासाठी, मयत खातेदारांची नावे काढून वारसांची नावे लावण्यासाठी. ज्यांच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे त्यांनी मोहिमेची वाट पाहू नये. नोंद कधीही करता येते.

एक शब्द जुन्या उताऱ्यांत वारंवार भेटतो: ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे तो लिहिलेला असतो. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कल्पनेतून आलेला हा शब्द मुस्लिम कुटुंबांच्या उताऱ्यांवरही आम्ही पाहिला आहे. आपल्या वारसा कायद्यात जन्माने मिळणारा हक्क नाही, ‘वडिलोपार्जित एकत्र मिळकत’ नाही आणि कर्ताही नाही. बाप जिवंत असेपर्यंत जमीन बापाची. तो गेला की प्रत्येक वारसाचा ठरलेला हिस्सा त्याचा त्याचा. त्यामुळे थोरला भाऊ ‘मॅनेजर’ म्हणून धाकट्याचा किंवा बहिणीचा हिस्सा विकू शकत नाही. ही नोंद दिसली तर ती काढून सर्व वारसांची नावे लावायचा अर्ज द्यावा.

मग हिस्सा किती? सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिले आहेत. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज. कर्जात बायकोचा न दिलेला मेहेरही येतो, हे बहुतेक घरांत विसरले जाते. मग वसीयत असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत, तीही वारसाच्या नावे असेल तर बाकीच्यांनी मान्य केली तरच. त्यानंतर वाटणी. मुले असताना बायकोला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलग्याला दोन तर मुलीला एक. या घराचा हिशेब आम्ही वहीच्या पानावर मांडला. आईला ८० पैकी १० आर. राहिले ७०. दोन मुलगे म्हणजे चार भाग, तीन मुली म्हणजे तीन भाग, एकूण सात. एक भाग १० आरचा. भावांना वीस-वीस, बहिणींना दहा-दहा. तिघी बहिणींचे मिळून ३० आर त्या फेरफारातून गळले होते.

भगिनी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘अम्मीइतकंच माझं?’’

(एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत. त्या फटीतून काही प्रांतांत मुलींना डावलणाऱ्या रूढी शिल्लक राहिल्या. महसूल कचेरीत मुस्लिम खातेदाराच्या मुलींची नावे वारस म्हणून घेतली जातात, पण कोणी ‘शेतीला शरीअत लागू नाही’ असे म्हणून दटावत असेल तर घरात वाद घालू नये, दिवाणी वकिलाला गाठावे.)

भावाचे म्हणणे दुसरेच होते, ते आम्हाला फोनवर कळले. अब्बांनी हयातीतच जमीन तोंडी आपल्या नावे केली होती, असे तो म्हणाला. तोंडी हिबा आपल्याकडे चालतो, ही गोष्ट खरी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२९ ने मुस्लिम दानाला नोंदणीच्या सक्तीतून मोकळीक दिली आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हेच सांगितले की हिबा कागदावर लिहिला आणि नोंदला नाही, एवढ्याने तो रद्द होत नाही. पण हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने दिल्याचे जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. तिसरीवर सगळे अडते. वालिद शेवटपर्यंत स्वतः शेत करत होते, सारा त्यांच्या नावे भरला जात होता, नाव बदलायचा अर्ज कधी झाला नाही. मग ताबा दिला कधी? शिवाय शेवटच्या आजारपणात केलेला हिबा वसीयतीसारखाच मोजला जातो. आम्ही भावाला एवढेच विचारले की हिबा झाला होता, तर २०११ च्या फेरफारात तुम्ही ‘वारस’ म्हणून नाव का लावले? फोनवर थोडा वेळ आवाज आला नाही.

आता तिसरा कागद, ज्यावर सही हवी होती. मथळा ‘हक्कसोडपत्र’. आत लिहिले होते की सदर मिळकतीतील माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. भगिनींना वाटत होते की आपण साक्षीदार आहोत. साक्षीदाराची जागा शेवटच्या पानावर होती, तिथे दुसऱ्याच दोघांची नावे होती. त्यांचे नाव पहिल्या पानावर होते, ‘लिहून देणार’ या शब्दांपुढे.

दस्तात हे दोन शब्द आधी शोधावेत. ‘लिहून देणार’ म्हणजे जो देतो, सोडतो, विकतो. ‘लिहून घेणार’ म्हणजे ज्याला मिळते. आपले नाव कुठल्या बाजूला आहे एवढे जरी पाहिले तरी बऱ्याच भगिनी सोमवारच्या रिक्षात बसणार नाहीत.

आणि ज्याचा हक्क नाही त्याच्याकडून हक्कसोड कोणी लिहून घेत नाही. चौदा वर्षे ज्यांचे अस्तित्वच नाही म्हणून लिहिले होते, त्यांच्या सह्या अचानक का हव्या झाल्या? कारण खरेदीदार मुंबईचा होता आणि त्याचा वकील शहाणा होता. त्याने तीस वर्षांचा शोध घेतला. शोध म्हणजे दुय्यम निबंधकाच्या दप्तरात त्या मिळकतीवर कोणते दस्त नोंदले गेले ते बघणे, सोबत जुने फेरफार, गहाण-बोजा, कोर्टातले दावे तपासणे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणे. ‘टायटल क्लियर आहे’ असे दलाल म्हणतो त्याला काही किंमत नाही. हा शोध अहवाल म्हणजे टायटल. त्या वकिलाने गावात विचारले, मुली किती? तीन. मग त्याने सांगितले, तिघींच्या सह्या आणा. त्याचे बरोबर होते. बहिणींना वगळून खरेदी केली असती तर त्याच्या अशिलाला ८० पैकी आई आणि भावांचे ५० आर मिळाले असते आणि उरलेल्या ३० मध्ये तीन बहिणी त्याच्या सहहिस्सेदार राहिल्या असत्या. म्हणजे बहिणीची सही नसेल तर व्यवहारच अडतो. ही सही फुकट द्यायची की नाही, हे ठरवायचा अधिकार तिचा.

हक्कसोड वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. दहा-दहा आरचे तुकडे करून कोणाचीच शेती होत नाही, आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा लहान तुकडे पाडायला आडवा येतो. त्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, त्या वेळोवेळी बदलतात, म्हणून वाटपाआधी तहसील कचेरीत विचारून घ्यावे. अशा वेळी एका भावाने जमीन ठेवावी आणि बहिणींना पैसे द्यावेत, हा जुना आणि रास्त मार्ग आहे. फक्त मोबदला घेतला असेल तर दस्तात तो आकडा, चेक किंवा डीडी क्रमांकासह लिहिलेला हवा. आणि हक्कसोड नोंदणीकृतच हवी. तलाठ्यासमोरचा जबाब किंवा नोटरीचा कागद पुरत नाही. बाप जिवंत असताना मुलीकडून लिहून घेतलेली ‘मला हिस्सा नको’ ही चिठ्ठी तर बहुतेक वेळा निरर्थकच, कारण तेव्हा सोडायला तिच्याकडे काही नसते. ‘तुझ्या लग्नात खर्च केला’ हा हिशेब आम्ही ऐकून ऐकून थकलो आहोत. लग्नाचा खर्च हा वारसा नव्हे, आणि भावांच्या लग्नातही बिर्याणी झालीच होती.

हक्क सोडताना आणखी एक गोष्ट जाते, तिच्याकडे कोणी बघत नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबाऱ्यावर नाव असलेली बहीण शेतकरी असते, तिला शेतकरी असल्याचा दाखला मिळतो. नाव कधी लागलेच नाही तर ती आणि पुढे तिची मुले बिगरशेतकरी होतात. उद्या पैसे असूनही खालापुरात अर्धा एकर घेता येत नाही.

त्या सातबाऱ्यावर अजून एक ओळ होती, जी भावालाही ठाऊक नव्हती. उजवीकडच्या ‘इतर हक्क’ रकान्यात लिहिले होते ‘कुळकायदा कलम ४३ ला पात्र’. हा रकाना म्हणजे उताऱ्याचे पोट, काय खाल्ले ते इथे कळते: बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, भूसंपादनाची नोंद. वालिद मूळचे कुळ. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले गेले, ३२-ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. अशी जमीन परवानगीशिवाय विकायला कलम ४३ ची बंदी होती. २०१४ च्या दुरुस्तीने ती सैल झाली: प्रमाणपत्राला दहा वर्षे उलटली असतील तर आकारणीच्या ४० पट रक्कम सरकारजमा केली की परवानगी लागत नाही. या गटाचा आकार होता साडेचार रुपये. चाळीस पट म्हणजे १८० रुपये! एवढे भरायचे राहिले म्हणून व्यवहार बेकायदा ठरून पुढे वर्षानुवर्षे कज्जे चालतात. कपाटातला ३२-म चा पिवळा पडलेला कागद म्हणूनच जपून ठेवावा.

‘भोगवटादार वर्ग’ हाही शब्द पाहून ठेवावा. वर्ग १ म्हणजे विकायला मोकळी. वर्ग २ म्हणजे सरकारच्या शर्तींनी बांधलेली. आणि आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी समाजाच्या जमिनी पुष्कळ आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, तिच्याआधी शासनाची मान्यता. मंजुरी नसताना ‘आमचं तोंडी ठरलंय, कब्जा आपलाच’ असे सांगणाऱ्याच्या नादी लागून मुंब्रा, कुर्ल्याच्या आपल्या माणसांनी आयुष्याची पुंजी घालवली आहे. गरिबाची जमीन हिसकावण्यात आपणही वाटेकरी होतो, ते वेगळेच.

घेणाऱ्यांसाठी थोडे इथेच सांगून टाकतो. नेरळ, भिवपुरी, खोपोलीकडे गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट विकले जातात आणि पैसे घेऊन हातात नोटरीचा करार किंवा कुलमुखत्यारपत्र दिले जाते. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केले की मुखत्यारपत्रावर आणि साठेकरारावर मालकी मिळत नाही. साठेकरार म्हणजे पुढे विकण्याचा वायदा. विक्री होते ती नोंदणीकृत खरेदीखताने. प्लॉट बिगरशेती आहे असे सांगितले तर बिगरशेतीचा हुकूम मागावा. माथेरानभोवतीचा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा ४ फेब्रुवारी २००३ ला जाहीर झाला, त्यात कर्जत आणि खालापूरचाही काही भाग येतो. तिथे बांधकामाला बंधने आहेत, गट नंबर त्यात येतो का ते विचारावे. इमारतीतले घर असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघावा. आणि गावठाणातल्या घराची घरपट्टीची पावती म्हणजे मालकी, हा गैरसमज सोडावा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर कोण भरतो ते सांगतो. ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देण्याचे काम २०२० पासून चालू आहे. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर त्यात घरातल्या सर्व वारसांची नावे आली का ते पाहावे.

खालापूर तालुक्यातल्या एका तरुण बेवा भगिनीची गोष्टही याच सुमारास आमच्यापुढे आली. उताऱ्यावर तिच्या दोन लहान मुलांच्या नावांपुढे ‘अ.पा.क. आई’ असे होते, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. दिराने सांगितले, तू पालनकर्ती आहेस, मुलांच्या वतीने सही कर. ती मुलांना सांभाळते, पण मुस्लिम कायद्यात मुलांच्या स्थावर मिळकतीची पालक ती आपोआप होत नाही. बाप, त्याने नेमलेला वसी, आजोबा, आजोबांनी नेमलेला वसी, एवढेच कायदेशीर पालक. ते नसतील तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयाची परवानगी हवी. आईने, चुलत्याने किंवा भावाने परवानगीशिवाय केलेली विक्री मुलांवर बंधनकारक नसते. ती भगिनी सही न करता परत गेली, दीर अजून बोलत नाही.

खरेदीखताच्या दिवसाबद्दल भगिनींना भीती वाटते, म्हणून सांगतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्ताची माहिती संगणकात भरतात, आधार तपासतात, फोटो काढतात, अंगठ्याचा ठसा घेतात. फोटोसाठी चेहरा उघडावा लागतो. महिला कर्मचारी असतील तर त्यांच्याकडे काढा म्हणावे. मग अधिकारी विचारतात, दस्त वाचला का, मजकूर मान्य आहे का, मोबदला मिळाला का. हा प्रश्न उपचार म्हणून विचारला जातो आणि मान हलवून उत्तर दिले जाते. पैसे हातात किंवा खात्यात नसतील तर ‘नाही’ म्हणायची जागा तीच. नंतर ‘सूची क्रमांक दोन’ निघते, एका पानात सगळा व्यवहार: कोणी दिले, कोणी घेतले, किती क्षेत्र, किती रक्कम. तिची प्रत मागून घ्यावी. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदायचा असतो आणि नोंदणी शुल्क किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. मुद्रांक वेगळा. खरेदी झाली तरी घेणाऱ्याचे काम फेरफार मंजूर होईपर्यंत संपत नाही.

त्या भगिनी सोमवारी कर्जतला गेल्या नाहीत. भावाला त्यांनी स्वतःच फोन केला. दोन महिने बोलाचाली बंद होती. आईने मध्ये पडून दोघांना जेवायला बसवले. मग तिघी बहिणींची नावे लावायचे ठरले. जुना फेरफार मंजूर होऊन गेलेला, तेव्हा प्रांत कचेरीत अपील करावे लागले. मुदत साठ दिवसांची, ती केव्हाच गेलेली, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडला. भावांनी ‘बहिणी वारस आहेत’ असे लिहून दिल्यामुळे प्रकरण लढवावे लागले नाही. खरेदीदार थांबला. मोठ्या बहिणीने हिश्श्याचे पैसे डीडीने घ्यायचे ठरवले. धाकटीने आपला हिस्सा धाकट्या भावाला सोडला, तिच्या नवऱ्याच्या आजारपणात तोच धावला होता, आणि तसे तिने सर्वांसमोर सांगितले. आईने आपले दहा आर विकायला नकार दिला. विहिरीच्या बाजूचा तुकडा मोजून बाजूला काढायचा अर्ज भूमी अभिलेख कचेरीत दिला आहे. मधली बहीण कुवेतला असते. तिचे मुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यायचे आहे. इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागेल. त्यामुळे खरेदीखताची तारीख आता ईदनंतर आहे.

परवा भगिनींनी ताज्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला. नाव लागले आहे, पण वडिलांच्या नावातले एक अक्षर चुकले आहे. लेखनातली अशी चूक कलम १५५ खाली तहसीलदारांकडे साध्या अर्जाने दुरुस्त होते. अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला, आमच्याकडे फक्त वाचायला पाठवला.